उजनीचं पाणी, चिवट रसायनं आणि माझं पीएच.डी.चं काम

भीमाकाठ (शनिवार, रात्री ९:५०)

सुट्टीसाठी घरी सोलापूरला आले आहे. काल पहाटे पाणी सुटलं. चार दिवसांआडचं पाणी, त्यामुळे गल्ली जागीच होती. आई हौद भरत होती, मी मोटर लावून वरची टाकी. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "तू पाण्यावरच शिकतीस ना गं? मग सांग, हे प्यावं का जारचं?" ज्या विषयात चार वर्षं घातली, त्याचं उत्तर घागर धरून उभ्या असलेल्या बाईला दोन वाक्यांत देता येईना. रात्रभर ते डोक्यात राहिलं, म्हणून इथे नीट लिहिते.

माझा विषय आहे पिण्याच्या पाण्यातून 'पीफास' काढणं. हे एक रसायन नाही, हजारो रसायनांचं कुटुंब आहे. कार्बनच्या साखळीला हायड्रोजनऐवजी फ्लोरिन चिकटवलेलं. कार्बन-फ्लोरिनचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात पक्क्या बंधांपैकी. ऊन, जिवाणू, क्लोरिन, कुणालाच तो सहज तुटत नाही. म्हणून इंग्रजीत यांना 'फॉरेव्हर केमिकल्स' म्हणतात. मी घरी सांगताना 'चिवट रसायनं' म्हणते.

याची सुरुवात १९३८ सालची. अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना अपघाताने टेफ्लॉन सापडलं, नॉनस्टिक तव्यावर असतं ते. पुढे पाणी न चिकटणारं कापड, तेल न शोषणारा कागद, विमानतळावर आग विझवायचा फेस, सगळीकडे हे कुटुंब शिरलं. टेफ्लॉन बनवताना लागणारं पीएफओए नावाचं आठ कार्बनांचं आम्ल वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गच्या आसपास नदीत आणि विहिरींत उतरलं. विल्बर टेनंट या शेतकऱ्याची गुरं मरायला लागली, रॉब बिलॉट या वकिलाने खटला उभा केला आणि त्यातून सुमारे ६९,००० लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, गरोदरपणातला रक्तदाब, या सहांशी संबंध असण्याची शक्यता तिथल्या शास्त्रज्ञांच्या समितीने नोंदवली. २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या गटात टाकलं.

आता प्रमाण बघा. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि त्याचंच आठ कार्बनांचं भावंड पीएफओएस यांच्यासाठी ठरवलेली मर्यादा आहे लिटरला ४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणावर हिशेब मांडला. धरण पूर्ण भरलं की ११७ टीएमसी, म्हणजे सुमारे ३.३ लाख कोटी लिटर. एवढ्या सगळ्या पाण्याला त्या मर्यादेवर आणायला किती पीएफओए लागेल? साधारण तेरा किलो. खताच्या पोत्याच्या पावापेक्षा थोडं जास्त.

उजनीत हे आहे असं मी म्हणत नाहीये, हे दोनदा वाचा. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे या कामाने मला शिकवलंय. पण मोजलंच नाही तर बोलणार कधी? पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आयएस १०५००, २०१२ चं. त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) आहे, नायट्रेट आहे, फ्लोराइड आहे, कीटकनाशकं आहेत. पीफासची ओळ नाही.

विचारा, जमेल तसं सांगते.

---

आई_दोघांची (शनिवार, रात्री १०:३५)

वाचून पोटात गोळा आला. नॉनस्टिक तवा फेकून देऊ का? आणि पाणी वीस मिनिटं उकळलं तर जाईल ना हे?

---

भीमाकाठ (शनिवार, रात्री ११:०५)

ताई, उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते आणि हे भांड्यात मागे राहतं, त्यामुळे प्रमाण उलट किंचित वाढतं. तांब्याचा हंडा, तुरटी, शेवग्याच्या बिया यांचाही उपयोग नाही. जंतूंसाठी उकळत असाल तर मात्र उकळत राहा, ते वेगळं आणि गरजेचं काम आहे.

तव्यावरचा थर म्हणजे प्रचंड मोठा रेणू, तो शरीरात सहसा मुरत नाही. त्रास होता तो थर बनवताना वापरलेल्या पीएफओएचा. तवा खरवडला गेला असेल किंवा रिकामा तापून धुरकटत असेल तर बदला. भाकरीला तसाही लोखंडीच बरा.

---

फिल्टरबेड_३२ (रविवार, सकाळी ७:१०)

पोरी, मी पाणीपुरवठ्यात ३२ वर्षं काढली, जलशुद्धीकरण केंद्रावर. आता रिटायर आहे. तुझं वाचून रात्री झोप लागली नाही, कारण आम्ही काय करायचो ते मला माहीत आहे. कच्चं पाणी आलं की गढूळपणा बघायचा, सहा बीकरमध्ये तुरटी कमी-जास्त टाकून जार टेस्ट करायची, त्यावर तुरटीचा डोस ठरवायचा. पुढे क्लॅरिफायर, म्हणजे गाळ खाली बसवायची टाकी, मग वाळूचे फिल्टर, मग क्लोरिन. गावाकडच्या योजनांना टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि क्लोरिन शिल्लक आहे का बघायची ओटी टेस्ट. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेली की पाण्याला हिरवट वास यायचा, फिल्टर लगेच चोक व्हायचे, बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, दोनदा-तीनदा घ्यावा लागायचा. आमचा सगळा जीव गढूळपणा आणि जंतू यांत. यातल्या कुठल्या पायरीवर तुझं ते रसायन अडकतं?

दुसरं, हल्ली तुरटीच्या जागी पीएसी टाकतात. तू परवा फोनवर कुणाला तरी पीएसीने पीफास निघतं म्हणालीस असं माझ्या पुतण्याने सांगितलं. मग काळजी कशाला?

---

भीमाकाठ (रविवार, सकाळी ८:४०)

काका, नमस्कार. तुमच्यासारखं कुणी इथे येईल असं वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर कुठल्याच पायरीवर नाही. तुरटी मातीचे कण एकत्र आणून खाली बसवते. पीफास कणाच्या रूपात नसतं, साखरेसारखं विरघळलेलं असतं. वाळूतून ते सरळ निघून जातं. क्लोरिन दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन ओढून त्याला मोडतं, पण या साखळीवर फ्लोरिन बसलेलं, तिथे क्लोरिनचं काही चालत नाही. याच कुटुंबातले काही अर्धवट फ्लोरिन असलेले रेणू असतात. ओझोनसारखा जोरकस ऑक्सिडंट वापरला तर ते मोडून उलट पीएफओएसारखी आम्लं तयार होऊ शकतात. यात तुमच्या केंद्राचा दोष नाही. ज्या कामासाठी ते बांधलं, ते काम ते करतं, आणि त्यानेच कॉलरा-गॅस्ट्रो आटोक्यात राहतात.

पीएसीचा घोळ मी समजू शकते. तुमचं पीएसी म्हणजे पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड. माझ्या प्रबंधातलं पीएसी म्हणजे पावडर केलेला सक्रिय कार्बन. नाव एक, पदार्थ दोन. पहिल्याने पीफास निघत नाही, दुसऱ्याने काही प्रमाणात निघतं. प्रबंधाच्या मराठी सारांशात मी आता दोन्ही पूर्ण लिहीन.

पीफास काढायचे सिद्ध झालेले मार्ग तीन: दाणेदार सक्रिय कार्बन, ऋण आयन पकडणारं रेझिन, आणि आरओ किंवा नॅनोफिल्टरचा पडदा. मी पहिल्या दोनांवर काम करते. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेने सक्रिय केला की एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास आतली जागा मिळते. त्या छिद्रांच्या भिंतींना पीफासची पाणी नकोशी शेपटी, म्हणजे ती फ्लोरिनवाली साखळी, चिकटते. लांब शेपटी घट्ट, आखूड शेपटी ढिली.

आणि इथेच माझी दोन वर्षं गेली. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आखूड साखळीवाले आधी जाऊन बसतात. मागून लांब साखळीवाले आले की रुमाल उचलून ते बसतात, आणि उठवलेले सगळे एकदम बाहेर पडतात. मी कोळसा भरलेल्या नळीतून पाणी सोडते, त्यातून पीएफबीए, म्हणजे चार कार्बनवालं, सगळ्यात आधी बाहेर आलं. पुढे काही दिवस तर आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर येणाऱ्या पाण्यात ते जास्त होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मी नमुन्यांच्या बाटल्या उलटसुलट केल्या. तिसऱ्यांदा तेच आलं तेव्हा पटलं. त्याच नळीतून पीएफओएस प्रयोग थांबवेपर्यंत आलं नाही.

हे महत्त्वाचं यासाठी, की लांब साखळीवर बंधनं आली आणि कारखाने आखूडवर गेले. अशा चिवट प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ ला, पीएफओए २०१९ ला आलं. गंगेच्या पाण्यावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आखूड साखळीवालेच पुढे होते. म्हणजे जे जास्त येणार, तेच कोळशाला कमी धरवतं.

---

होटगी_रोड (रविवार, दुपारी १२:२०)

माफ करा, पण हे मला पटत नाही. आमच्याकडे पाच दिवसांनी पाणी येतं. पहिली दहा मिनिटं लाल, कधी ड्रेनेजचा वास. माझ्या भाच्याला गेल्या पावसाळ्यात सलाईन लावावं लागलं. जिथे साधे जंतू मरत नाहीत तिथे तुम्ही नॅनोग्रॅमची भीती घालायलाव. श्रीमंत देशांचे प्रश्न इथे आणू नका.

---

भीमाकाठ (रविवार, दुपारी २:१५)

दादा, तुमच्या भाच्याचं वाचून वाईट वाटलं. क्रम तुम्ही लावलात तोच बरोबर आहे. आधी नळाच्या टोकाला क्लोरिन शिल्लक असलं पाहिजे, पाणी रोज आलं पाहिजे. खंडित पुरवठ्यात रिकाम्या पाइपमध्ये बाहेरची घाण ओढली जाते. यावर माझा तुमच्याशी काडीचा वाद नाही.

पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, आणि मला या धाग्यात एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही. उजनीत येणारं पाणी बघा. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, सगळं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून भीमेत आणि तिथून दौंडवरून खाली. न शुद्ध केलेलं सांडपाणी धरणात येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ आणि जलपर्णी पोसली जाते. काकांनी लिहिलेला हिरवट वास तोच. शेवाळ कुजलं की पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ वाढतात. हेच पदार्थ क्लोरिन खातात, म्हणून तुमच्या नळापर्यंत क्लोरिन पुरत नाही. आणि हेच कोळशाची छिद्रं अडवतात. पीफास लिटरला काही नॅनोग्रॅम, सेंद्रिय कार्बन काही मिलिग्रॅम, म्हणजे लाखो पटींनी जास्त. बस आधीच भरलेली, आमचा प्रवासी चढणार कुठे?

मी नळाच्या स्वच्छ पाण्यावर आणि शेवाळ कुजवलेल्या पाण्यावर तोच कोळसा चालवला. दुसऱ्यात तो कितीतरी लवकर थकला. त्यामुळे कुणी उद्या सांगितलं की केंद्रावर महागडा कार्बनचा टप्पा बसवू, तर माझं म्हणणं राहील की आधी वरचं सांडपाणी शुद्ध करा. भाच्याचं सलाईन आणि माझा नॅनोग्रॅम, दोघांचीही वाट तिथूनच जाते.

श्रीमंत देशांचं म्हणाल तर, इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनो इथला मितेनी कारखाना भूजल नासवून २०१८ मध्ये दिवाळखोरीत बंद पडला. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्याशी संबंधित ११ जणांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आली आहे. प्रश्न कुणाचा, हे आता एवढं सरळ राहिलेलं नाही.

---

होटगी_रोड (रविवार, दुपारी ३:००)

क्लोरिनचं आणि शेवाळाचं हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. वाचतोय.

---

ज्वारीचं_कोठार (रविवार, सायंकाळी ५:३०)

आमच्याकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं म्हणून बोर्ड लावला होता. दात पिवळे पडतात ते. हे तेच का?

---

केमिस्ट्री_सर (रविवार, सायंकाळी ६:१०)

नाही. मी शाळेत शिकवतो, म्हणून उत्तर देतो, भीमाकाठ ताई चूक असेल तर सांगतील. बोअरचं फ्लोराइड खडकातून येतं, तो सुटा आयन असतो. त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. पीफासमधलं फ्लोरिन कार्बनला जखडलेलं असतं. दोन्ही मर्यादांत पावणेचार लाख पटींचा फरक आहे. फ्लोराइडच्या टेस्ट किटवर पीफास दिसणार नाही.

ताई, माझाही एक प्रश्न. एवढं कमी मोजता तरी कसं?

---

भीमाकाठ (रविवार, रात्री ९:२०)

सर, अगदी बरोबर सांगितलंत.

मोजायला द्रव क्रोमॅटोग्राफला (रसायनं एकमेकांपासून वेगळी करणारं यंत्र) जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) लागतो. पाव लिटर पाणी एका छोट्या रेझिनच्या नळीतून ओढायचं, अडकलेलं थोड्याशा मेथॅनॉलमध्ये उतरवायचं. सुरुवातीलाच कार्बन-१३ ने खूण केलेलं तेच रसायन ठराविक मात्रेत घालायचं. शेवटी त्यातलं किती हाती लागलं यावरून वाटेत किती सांडलं ते कळतं.

मोजण्यापेक्षा कठीण आहे ते स्वतःची घाण न मोजणं. पहिल्या वर्षी माझ्या ब्लँकमध्ये, म्हणजे ज्यात काहीच नसायला हवं त्या शुद्ध पाण्यात, सहा आठवडे पीएफओए येत होतं. बाटल्या बदलल्या, पाणी बदललं. एका रात्री यंत्रासमोर बसून अक्षरशः रडले. शेवटी सापडलं: यंत्राच्या आतल्या द्रावकाच्या नळ्याच टेफ्लॉनच्या, आणि नमुन्याच्या कुपीच्या झाकणातही टेफ्लॉन. नळ्या बदलल्या, झाकणं पॉलिएथिलीनची घेतली, नमुन्याच्या आधी एक जादा कॉलम बसवला, म्हणजे यंत्राचं पीफास उशिरा येतं आणि नमुन्याचं वेगळं दिसतं. तेव्हापासून नदीवर नमुने घ्यायला जाताना मी रेनकोट घालत नाही, क्रीम लावत नाही, काचेची बाटली नेत नाही. काचेला हे चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या, आणि सोबत एक शुद्ध पाण्याची बाटली, जी नुसती काठावर उघडून बंद करायची, म्हणजे बाहेरून काही मिसळलं का ते कळतं.

कुणी शंभर रुपयांत पीफासची पट्टी विकत असेल तर घेऊ नका.

---

आई_दोघांची (रविवार, रात्री १०:०५)

मग आरओ घेऊ का नको, एवढं सांगाच.

---

भीमाकाठ (रविवार, रात्री १०:३०)

पीफास निघण्यापुरतं बोलायचं तर चांगल्या स्थितीतला आरओ काम करतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात २०२० मध्ये घरोघरचे फिल्टर तपासले, त्यात आरओने ९४ टक्के किंवा जास्त पीफास काढलं. नुसत्या कार्बनवाल्यांची सरासरी ७३ टक्के, आणि त्यात काही अगदीच फसले. काडतूस वेळेवर न बदलल्यास तो कार्बन माझ्या नळीसारखाच वागतो.

पण फक्त या भीतीने घेऊ नका. तुमचा टीडीएस जास्त असेल, बोअरचं पाणी असेल तर घ्या. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात ते पाणी बादलीत धरून फरशीला, संडासला वापरा. आणि त्या बादलीत सगळं पकडलेलं असतं, हेही लक्षात ठेवा. पाण्यातून काढलं म्हणजे संपलं नाही. थकलेला कोळसा, रेझिन धुतलेलं पाणी, आरओचं वाया जाणारं पाणी, कुठेतरी ते आहेच. तोडायचं तर हजार अंशांच्या वरची भट्टी किंवा ३७४ अंश तापमान आणि २२१ बार दाबापलीकडचं पाणी लागतं. म्हणून माझा जीव नळाच्या टोकापेक्षा उगमाकडे जास्त ओढतो.

---

टॉवेलमाग (सोमवार, सकाळी ११:४५)

अक्का, मी टेरी टॉवेलच्या धंद्यात आहे, तीन पिढ्या. कापडावर पाणी न चिकटणारं रसायन म्हणालात, त्यावरून कुणी सोलापूरच्या चादर-टॉवेलवर आळ घेऊ नये म्हणून लिहितो. टॉवेलनं पाणी शोषायचं असतं. त्यावर पाणी झटकणारा लेप कोण देईल? आमच्याकडं रंग आहे, मीठ आहे, सॉफ्टनर आहे. हे नाही.

---

भीमाकाठ (सोमवार, दुपारी १:००)

अण्णा, हे फार बरं केलंत. टॉवेल-चादरीचं तुमचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. मला विचारायचं होतं ते गणवेशांबद्दल. आपल्याकडे शाळेच्या आणि कंपन्यांच्या गणवेशांचं मोठं काम चालतं. अमेरिका आणि कॅनडातल्या डाग न पडणाऱ्या गणवेशांत पीफास सापडल्याचं २०२२ च्या एका अभ्यासात आलंय. तुमच्या ओळखीत कुणी तसलं फिनिश देतं का? दिलं तर ड्रमच्या लेबलवर काय लिहिलंय एवढंच हवंय. कुणाचं नाव नको.

---

टॉवेलमाग (मंगळवार, रात्री ८:५०)

आज साडूच्या युनिटवर गेलो होतो. ते गणवेशाच्या कापडाला जॉबवर्कनं फिनिश देतात. एका गिऱ्हाइकाला डाग न पडणारं लागतं. ड्रम बघितला. लेबलवर लिहिलंय: 'वॉटर अँड ऑइल रिपेलंट, फ्लोरोकार्बन, सी६'. साडूला विचारलं हे काय, तो म्हणाला आठवालं बंद झालं म्हणून व्यापाऱ्यानं हे दिलं, एकदम सेफ आहे म्हणाला. पॅडिंगच्या टबात, म्हणजे कापड रसायनात बुडवायच्या टबात, उरलेलं आणि टब धुतलेलं पाणी गटारीत जातं.

अक्का, काल मी तावातावानं लिहिलं होतं. आता काय करू सांगा.

---

भीमाकाठ (मंगळवार, रात्री १०:१५)

अण्णा, तुम्ही जाऊन बघितलंत आणि परत येऊन लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. सी६ म्हणजे सहा कार्बनची फ्लोरिनची साखळी. कापडावरून ती हळूहळू सुटते आणि तिच्यापासून सहा कार्बनचं आम्ल होतं, जे माझा कोळसा लवकर सोडून देतो. शरीरातून ते आठवाल्यापेक्षा लवकर बाहेर पडतं, हे खरं. पण निसर्गात तेही मोडत नाही.

हे पाणी उजनीत जात नाही, आपण उजनीच्या खाली आहोत. शहराचे नाले सीनेकडे जातात, सीना पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते आणि भीमा कर्नाटकात जाते. आपण पुण्याकडे जसं बघतो, तसं खालची गावं आपल्याकडे बघतात.

साडूंना एवढं विचारा: गिऱ्हाइकाला नक्की काय हवंय? पाणी झटकायचं असेल तर मेणावर किंवा सिलिकॉनवर आधारलेली फ्लोरिनविरहित फिनिश बाजारात आहेत. तेलाचे डाग मात्र त्यांनी अडत नाहीत, त्यासाठीच फ्लोरिन लागतं. शाळेच्या पोराच्या शर्टाला तेल अडवायची गरज आहे का, हे गिऱ्हाइकालाच विचारायला हवं. तोवर टबात उरलेलं गटारीत न टाकता ड्रममध्ये परत भरून ठेवता आलं तर पाहा. उरलेल्यात सगळ्यात जास्त असतं, धुतलेल्यात कमी.

---

फिल्टरबेड_३२ (बुधवार, सकाळी ६:५५)

पोरी, तुला नमुने घ्यायचे असतील तर मी सोबत येतो. कच्चं पाणी कुठून घ्यायचं, बॅकवॉशचं कुठून, सगळं मला माहीत आहे. परवानगीचा अर्ज रीतसर कर, कुणाकडे द्यायचा ते सांगतो. उजनी मायनसमध्ये गेल्यावर एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या गढूळ पाण्यात एकदा, असे दोनदा घे. एका वेळेवर काही ठरवू नकोस.

---

भीमाकाठ (बुधवार, सकाळी ७:३०)

येते काका. बाटल्या मी आणते. फक्त त्या दिवशी तुम्हीही रेनकोट घालू नका.

---

टॉवेलमाग (गुरुवार, रात्री ९:१०)

गिऱ्हाइकाशी बोललो. म्हणाला, "मला चहा आणि पाणी झटकलं म्हणजे झालं, तेलाचं कुणी विचारत नाही." साडूनं व्यापाऱ्याकडून फ्लोरिन नसलेल्याचा पाच किलोचा कॅन मागवलाय. सोमवारी वीस मीटरवर मारून बघतो, वीस धुण्यांनंतर चहा टाकून इथे सांगतो. उरलेलं सी६ निळ्या ड्रममध्ये भरून झाकण लावून ठेवलंय.